वाचकांचे प्रश्न : रस्त्यात पुरलेला सेन्सर वाहनाचा प्रकार कसा ओळखतो?

महामार्गावरील वाहतूक मोजण्याच्या पद्धतींवर मागील अंकात आलेल्या लेखात असे एक वाक्य होते, की डांबराच्या थरात बसवलेले छोटे बिनतारी सेन्सर वरून जाणारे वाहन मोटार आहे की मालट्रक हे ओळखू शकतात. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून आणि काहींची भाषा थोडी आवरून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : वाहने मोजली की काम भागायला हवे. त्यांचे प्रकार कळल्याने रस्त्याच्या कामाला नेमका काय उपयोग होतो?

उत्तर : 'दिवसाला २०,००० वाहने' एवढ्याच माहितीवर रस्त्याचे थर ठरवता येत नाहीत, कारण रस्ता झिजतो तो वाहनांच्या संख्येने नव्हे, तर चाकांवाटे त्याच्यावर येणाऱ्या भाराने. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात, खास बांधलेल्या रस्त्यांवर ठरावीक भाराचे ट्रक सतत फिरवून एक मोठी चाचणी घेतली गेली. ती 'आशो रोड टेस्ट' म्हणून ओळखली जाते. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याचे नुकसान ॲक्सलवरील, म्हणजे चाकांची जोडी बसवलेल्या आडव्या दांड्यावरील, भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार दुप्पट झाला तर नुकसान सोळापट होते. मोटारीच्या एका ॲक्सलवर अर्धा टन आणि लादलेल्या ट्रकच्या एका ॲक्सलवर दहा टन भार धरला, तर भाराचे प्रमाण वीसपट भरते, पण नुकसानीचे प्रमाण १,६०,००० पट येते. रस्त्याच्या प्रकारानुसार हा घातांक कमीजास्त होतो, त्यामुळे आकडा काटेकोर मानू नये. मात्र मोजणीत काही ट्रक मोटारी म्हणून नोंदले गेले तर थरांच्या जाडीचा हिशेब किती बिघडेल, हे त्यावरून ध्यानात येईल.

वर्गीकरणाच्या अनेक प्रचलित पद्धती ॲक्सलवर आधारलेल्या आहेत त्या याच कारणामुळे. अमेरिकेच्या फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनची १३ वर्गांची पद्धत हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणता येईल. पहिला वर्ग मोटारसायकलींचा, दुसरा मोटारींचा, चौथा बसगाड्यांचा आणि पुढचे वर्ग ॲक्सलची संख्या व जोडलेल्या ट्रेलरांची संख्या यांनुसार चढत जाणारे. चढावर संथ होणारे ट्रक मार्गिकेची क्षमता किती खातात, पुलावर कोणत्या भाराची किती आवर्तने होतात, धुराचे प्रमाण किती असेल, हे पुढचे सगळे हिशेब याच वर्गांवरून केले जातात.

प्रश्न : सेन्सर जमिनीत आणि वाहन वर. दोघांचा स्पर्शही होत नाही. मग वाहन गेल्याचे त्याला कळते कसे?

उत्तर : त्याला कळते ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातील बदलामुळे. हे क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला इतके असते आणि एका ठिकाणी ते बऱ्यापैकी स्थिर राहते. लोखंड आणि पोलाद यांतून चुंबकीय बलरेषांना हवेपेक्षा सोपी वाट मिळते, त्यामुळे मोठे वाहन जवळ आले की बलरेषा त्याच्याकडे ओढल्या जातात आणि त्याखालच्या क्षेत्राची दिशा व तीव्रता दोन्ही बदलतात. धातूचा विद्युतरोध चुंबकक्षेत्रानुसार बदलतो, हा शोध विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५७ साली प्रसिद्ध केला होता. आजच्या अनेक चुंबकमापक चिपमध्ये त्याच परिणामाचा उपयोग केलेला असतो. अशी चिप एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन दिशांमधले क्षेत्र वेगवेगळे मोजते, आणि हे फार मोलाचे आहे, कारण इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल असे पोलादाचे मोठे भाग सेन्सरवरून जाताना या तिन्ही दिशांत निरनिराळे चढउतार उमटतात आणि त्यांतून त्या वाहनाचा एक आलेख तयार होतो.

लहान चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. अंतर तिप्पट झाले की परिणाम सत्ताविसाव्या भागावर येतो. शेजारच्या मार्गिकेतील मोटार त्यामुळे सहसा त्रास देत नाही. याच नियमाची दुसरी बाजू अशी, की उंच चेसिस असलेल्या ट्रकचा मधला भाग सेन्सरपासून दूर राहतो आणि तिथला आलेख अगदी मूळ, म्हणजे वाहन नसतानाच्या, पातळीवर उतरतो. मग ट्रॅक्टर, म्हणजे ओढणारा इंजिनाचा पुढचा भाग, आणि ट्रेलर मिळून असलेले एकच वाहन दोन वाहने म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी, आलेख मूळ पातळीवर आला तरी थोडा वेळ थांबूनच 'वाहन गेले' असे ठरवायचे असते. पण हा थांबण्याचा वेळ वाढवला तर एकमेकांच्या मागे चिकटून जाणाऱ्या दोन मोटारी एक ट्रक ठरतात. हा ताळमेळ त्या त्या रस्त्यावर प्रत्यक्ष नोंदी पाहूनच बसवावा लागतो, असे माझे ठाम मत आहे. कारखान्यातून आलेला आकडा जसाच्या तसा ठेवणे हा निष्काळजीपणा होय.

मूळ पातळीही अगदी स्थिर नसते. तापमानाबरोबर चिपचे मापन सरकते, त्यामुळे रस्ता मोकळा असताना ही पातळी हळूहळू सुधारत न्यावी लागते. बंद पडलेला ट्रक सेन्सरवर तासभर उभा राहिला, तर त्यालाच 'रिकामा रस्ता' मानण्याची चूक होणार नाही, एवढे मात्र पाहायला हवे.

प्रश्न : यासाठी रस्त्यात तारेची वेटोळी बसवतातच. मग बिनतारी सेन्सरची नवी भानगड कशाला?

उत्तर : तारेच्या वेटोळ्याची, म्हणजे इंडक्टिव्ह लूपची, पद्धत १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि ती टाकाऊ मुळीच नाही. तिचे दुखणे आहे ते बसवण्यात आणि टिकवण्यात. सुमारे पावणेदोन मीटर बाजूचा चौकोन करवतीने कापायचा, त्यात तारेचे काही वेढे घालायचे, ती तार रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत न्यायची आणि खाच भरून काढायची, एवढा वेळ मार्गिका बंद ठेवावी लागते. पुढे रस्त्याला भेगा पडल्या, थर सरकला की तार तुटते. बिनतारी सेन्सरला साधारण १० सेंटिमीटर व्यासाचे एक उथळ भोक पुरते. त्यात सेन्सर ठेवून वरून इपॉक्सी ओतली की काम झाले. गुण-दोष दोन्हीकडे आहेत. लूप हा वाहनाच्या धातूत प्रेरित होणाऱ्या भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहांवर चालतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमही दिसते. चुंबकमापकाला ॲल्युमिनियम दिसत नाही, त्याला लोहयुक्त भागच लागतात. ॲल्युमिनियमच्या बॉडीच्या गाड्यांमध्येही ॲक्सल, स्प्रिंगा आणि मोटरचे गाभे पोलादाचेच असतात, म्हणून त्या निसटत नाहीत. मात्र त्यांचा आलेख वेगळा येतो.

प्रश्न : एका ठिकाणचा सेन्सर वाहनाची लांबी कशी सांगू शकेल?

उत्तर : एकटा सेन्सर सांगू शकत नाही. त्यासाठी एकाच मार्गिकेत, एकापुढे एक, ठरावीक अंतरावर दोन सेन्सर लागतात. समजा, त्यांच्यातील अंतर ६ मीटर आहे आणि वाहन ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जात आहे. पहिल्या सेन्सरवर वाहन आल्याची वेळ आणि दुसऱ्यावर आल्याची वेळ यांत ०.२४ सेकंदांचा फरक पडेल, आणि त्यावरून वेग मिळेल. आता वाहन एका सेन्सरवर ०.२० सेकंद राहिले असेल तर त्याची लांबी सुमारे ५ मीटर, आणि ०.६४ सेकंद राहिले असेल तर १६ मीटर. ही बंपरपासून बंपरपर्यंतची लांबी नसून 'चुंबकीय लांबी', म्हणजे वाहनाचा चुंबकीय परिणाम सेन्सरला जाणवतो तेवढी लांबी, असते, म्हणून प्रत्यक्ष मोजलेल्या वाहनांशी ताडून तिच्यात दुरुस्ती करावी लागते.

दिसायला हे गणित शाळेतले आहे, पण त्याचा सगळा भरवसा दोन घड्याळे जुळण्यावर आहे. दोन सेन्सर एकमेकांना तारेने जोडलेले नाहीत. प्रत्येकात आपापला क्वार्ट्‌झ स्फटिक आहे. दोन स्फटिकांच्या गतीत दहा लाखांत २० भागांचा फरक असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. एवढ्या फरकाने तासाभरात घड्याळे ७२ मिलिसेकंदांनी वेगळी पडतात. वर आपण जो ०.२४ सेकंदांचा काळ मोजला, त्याच्या तुलनेत ही चूक ३० टक्के झाली. मोटार ट्रक ठरायला ती पुरेशी आहे! म्हणून रस्त्याकडेच्या खांबावरील केंद्र सर्व सेन्सरना पुन्हा पुन्हा वेळेचा इशारा देते आणि ते आपली घड्याळे त्याच्याशी जुळवून घेतात.

प्रश्न : लांबी कळली तरी ॲक्सल किती आहेत हे चुंबकाने कसे मोजणार? (हा प्रश्न रस्तेबांधणीत काम करणाऱ्या एका अभियंत्याचा आहे.)

उत्तर : प्रश्न अचूक जागी बोट ठेवणारा आहे. चुंबकीय आलेखातील चढउतार ॲक्सलमुळेच येतात असे नाही. इंजिन, इंधनाची टाकी, लादलेले पोलाद, सगळ्यांचीच त्यात भर असते. आलेखावरून ॲक्सल शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण ट्रकच्या बाबतीत केवळ त्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. भार रस्त्यावर येतो तो चाकातून, तेव्हा चाकाचाच परिणाम मोजायला हवा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी ही वाट धरली. तेथील प्राध्यापक प्रवीण वरैया आणि त्यांचे सहकारी यांनी वाहतुकीसाठी बिनतारी चुंबकीय सेन्सरांवर बरीच वर्षे काम केले होते. २०११ साली या गटाने वर्गीकरणासाठी एक रचना मांडली. तिच्यात चुंबकमापकांनी वाहनाच्या येण्या-जाण्याच्या वेळा, वेग आणि लांबी द्यायची, आणि त्यांच्याबरोबर रस्त्यात बसवलेल्या त्वरणमापकांनी चाकांमुळे होणारे रस्त्याचे कंपन टिपायचे. चाक वरून जाते तेव्हा डांबराचा थर मिलिमीटरच्याही लहानशा अंशाने खाली दबतो आणि पुन्हा वर येतो. त्वरणमापकाच्या आलेखात त्याचे शिखर उमटते. दोन शिखरांमधील वेळ आणि चुंबकमापकांनी दिलेला वेग यांचा गुणाकार केला की दोन ॲक्सलांमधील अंतर हाती येते. दोन निरनिराळ्या जातीचे सेन्सर एकमेकांची उणीव भरून काढतात, ही त्या कल्पनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

अडचणी मात्र पुष्कळ आहेत, आणि त्या नीट समजून घेतल्याशिवाय कोणी खरेदीची निविदा काढू नये. पहिली अडचण जोड-ॲक्सलची. ट्रकच्या मागच्या जोडीतले दोन ॲक्सल सुमारे १.३ मीटर अंतरावर असतात. सेकंदाला २५ मीटर वेगाने ते ०.०५२ सेकंदांच्या अंतराने सेन्सरवरून जातात. सेकंदाला १२८ नमुने घेणाऱ्या, म्हणजे १२८ वेळा मोजणाऱ्या, सेन्सरला त्या अवधीत जेमतेम सहा-सात नमुने मिळतात, आणि चाकाभोवती दबणारा रस्त्याचा भागही लहान नसल्यामुळे दोन्ही शिखरे एकमेकांत मिसळू लागतात. म्हणून कंपनासाठी नमुन्यांचा वेग कितीतरी जास्त ठेवावा लागतो. एकाऐवजी अनेक त्वरणमापक रस्त्याच्या रुंदीत ओळीने बसवणेही हिताचे असते, कारण चाक नेमके कुठून जाईल हे आधी सांगता येत नाही आणि अनेकांच्या नोंदी एकत्र केल्या की इतर कंपनांचा गोंगाट मागे पडतो.

दुसरी अडचण वेगाची आहे. दबलेल्या भागाचा आकार तोच राहिला असे धरले, तर त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शिखराची उंची चौथाईवर येते. मोकळ्या महामार्गावर ठळक दिसणारा तोच ट्रक कोंडीत सरपटत असताना त्वरणमापकाला जवळजवळ दिसेनासा होतो. तिसरी अडचण डांबराची. ते उन्हात मऊ आणि थंडीत ताठ होते, त्यामुळे त्याच भाराला दुपारी आणि पहाटे मिळणारा प्रतिसाद वेगळा असतो. ॲक्सल नुसते मोजायचे असतील तर यावर मात करता येते. पण कंपनावरून वजन काढायचे म्हटले की तापमान आणि वेग या दोन्हींची दुरुस्ती केल्यावाचून आकड्याला अर्थ राहत नाही.

काही गोष्टी मुळातच सेन्सरच्या आवाक्याबाहेर असतात. वर सांगितलेल्या १३ वर्गांपैकी पाचवा वर्ग 'दोन ॲक्सल, सहा टायर' असलेल्या ट्रकचा आहे. मागे दुहेरी टायर आहेत की एकेरी, हे येथे वर्णन केलेल्या कोणत्याही सेन्सरला दिसत नाही, तेव्हा तिसऱ्या वर्गातील पिकअप आणि पाचव्या वर्गातील छोटा ट्रक यांत फरक करताना ॲक्सलमधील अंतरावरून अंदाजच बांधावा लागतो.

प्रश्न : डांबरात पुरलेल्या सेन्सरची बॅटरी कोण बदलणार?

उत्तर : कोणीच नाही. बॅटरी संपली की सेन्सर संपला, असे धरूनच त्याची रचना केलेली असते आणि उद्दिष्ट साधारण दहा वर्षांचे ठेवतात. ७.२ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी दहा वर्षे, म्हणजे ८७,६०० तास पुरवायची असेल, तर सरासरी ८२ मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेता येणार नाही. इकडे रेडिओ नुसता ऐकत बसला तरी सुमारे २० मिलिअँपिअर घेतो. तो सतत चालू ठेवला तर तीच बॅटरी १५ दिवसांत रिकामी होईल. इतर काहीच खर्च नाही असे मानले, तरी रेडिओला तासात जेमतेम १५ सेकंद जागे राहता येते. म्हणून प्रत्येक सेन्सरला बोलण्याची ठरावीक वेळ नेमून दिलेली असते. त्या क्षणापुरता तो जागा होतो, निरोप देतो आणि पुन्हा झोपतो. येथेही घड्याळे जुळलेली असणे अत्यावश्यक ठरते.

निरोप लहान ठेवणे हा दुसरा उपाय. तिन्ही दिशांचे, प्रत्येकी दोन बाइटचे, सेकंदाला १२८ नमुने जसेच्या तसे पाठवायचे म्हटले तर सेकंदाला ७६८ बाइट होतात. त्याऐवजी 'वाहन आले' आणि 'वाहन गेले' एवढे सेन्सरनेच ठरवून फक्त वेळा पाठवल्या तर वाहनामागे मूठभर बाइट पुरतात. कंपनाच्या नोंदी पाठवणारे सेन्सर म्हणूनच बॅटरीवर अधिक भारी पडतात, आणि वर्षभर सलग वर्गीकरण करण्याऐवजी ठरावीक दिवस नमुना-मोजणी करणे हा तडजोडीचा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न : एका माहितीपत्रकात '९५ टक्के अचूक वर्गीकरण' असे छापलेले पाहिले. त्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : तेवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. ज्या मार्गिकेत शंभरातली ९५ वाहने मोटारी आहेत, तिथे प्रत्येक वाहनाला डोळे मिटून 'मोटार' म्हणणारे यंत्रही ९५ टक्के अचूक ठरेल आणि एकही ट्रक ओळखणार नाही. विचारायचे ते असे : प्रत्येक वर्गातील प्रत्यक्ष वाहनांपैकी किती वाहने त्या वर्गात नोंदली गेली, आणि उरलेली कुठे गेली? त्याचा संपूर्ण तक्ता मागावा. पाच ॲक्सलचे ट्रक चार ॲक्सलच्या रकान्यात गेले असतील तर ते सहन करता येईल; ते मोटारींच्या रकान्यात गेले असतील तर पहिल्या उत्तरातील चौथ्या घाताचा नियम आठवावा. चाचणी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ऋतूत आणि किती वेगाच्या वाहतुकीत झाली, हेही विचारायलाच हवे.

प्रश्न : अशा सेन्सरमुळे कोण कुठे गेले याची नोंद राहते का?

उत्तर : चुंबकीय आलेखात वाहनाचा क्रमांक नसतो आणि चेहराही नसतो. दोन ठिकाणचे आलेख ताडून तेच वाहन पुढे पोहोचले असावे असा अंदाज करता येतो आणि प्रवासाला लागणारा वेळ काढण्यासाठी तसे करतातही. पण त्यातून मालकापर्यंत पोहोचता येत नाही. कॅमेऱ्याच्या तुलनेत या पद्धतीचा हा मोठा गुण आहे आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही.

प्रश्न : दुचाकी आणि मार्गिका न पाळणारी वाहतूक यांचे काय?

उत्तर : येथे ही पद्धत स्पष्टपणे कमी पडते. दुचाकीत लोखंड थोडे असते, आणि ती मार्गिकेच्या मध्यापासून मीटरभर बाजूने गेली तर घनाच्या नियमाने तिची खूण फारच पुसट होते. रुंदीत जवळजवळ अनेक सेन्सर बसवले तर सुधारणा होते, पण दोन वाहने शेजारी-शेजारी एकाच मार्गिकेतून जात असतील तर त्यांचे आलेख मिसळतात. अशा रस्त्यावर वरून पाहणारा कॅमेरा किंवा लेझर अधिक उपयोगी पडतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. या विषयावर प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : महामार्गावरून तर मुळीच नको. परवानगी असलेल्या, संथ वाहतुकीच्या आवारात, रस्त्याच्या कडेला तीन दिशांचा एक चुंबकमापक ठेवा, आणि पहिले काही दिवस वर्गीकरणाचा विचारही न करता केवळ कच्चे आलेख साठवा. सोबत वेळ जुळवलेला कॅमेरा असू द्या आणि प्रत्येक आलेखाला वाहनाचे नाव हाताने द्या. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे. नावे देताना ट्रकचे उचललेले ॲक्सल नीट पाहा : रिकाम्या ट्रकचा एखादा ॲक्सल वर उचललेला असतो, आणि ॲक्सल-आधारित वर्गीकरणात रस्त्याला टेकलेले ॲक्सलच मोजायचे असतात, त्यामुळे तोच ट्रक जाताना एका वर्गात आणि येताना दुसऱ्या वर्गात असू शकतो. संगणकाला शिकवण्यासाठी घेतलेल्या नोंदी आणि त्याची परीक्षा घेण्यासाठी ठेवलेल्या नोंदी वेगवेगळ्या दिवसांच्या असाव्यात. एकाच दिवसाच्या नोंदी दोन्हीकडे वाटल्या तर त्या दिवसाचे तापमान आणि त्या दिवशी वारंवार फेऱ्या मारणाऱ्या गाड्या दोन्हीकडे येतात, आणि निकाल खऱ्यापेक्षा चांगला दिसतो.